शेवटच्या ओळीतलं नाव

मल्लव्वाला पोलिसांनी कोठडीत टाकलं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या भोंग्याला दाक्षायणीच्या खिडकीच्या गजावर डबा वाजला.

दाक्षायणी आत भाकरी थापत होती. टण् टण्, आणि जरा थांबून आणखी एकदा टण्. ही मल्लव्वाची रीत. गिरणीत जाताना ती सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या बोळातून जायची, जाता जाता जेवणाचा डबा गजावर आपटायची आणि "अक्काऽ" अशी हाक मारायची. आतून दाक्षायणीनं "ओ" म्हणायचं, की मल्लव्वा पुढं. दोघींपैकी कुणी थांबायचं नाही, एकमेकींचं तोंडही बघायचं नाही. पण त्या "ओ"शिवाय दोघींनाही दिवस उजाडल्यासारखा वाटत नसे.

त्या दिवशीही दाक्षायणीच्या ओठांवर "ओ" आला होता. पण हात पिठातच थबकला. अक्कलकोटाकडच्या तिच्या आईनं लहानपणी बजावून ठेवलं होतं, की माणूस डोळ्यांना दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. हाक मारणारं कोण असेल सांगता येत नाही. खरंच माणूस असेल तर ते पुन्हा हाक मारील. या असल्या समजुतींवर दाक्षायणीनं महिला मंडळात भाषणं ठोकली होती आणि बायकांना पोट धरून हसवलं होतं. आता मात्र ती ओठ घट्ट मिटून दुसऱ्या हाकेची वाट बघत बसली.

दुसरी हाक आली नाही. ती खिडकीशी गेली तेव्हा बोळात दूधवाल्याची सायकल तेवढी भिंतीला टेकून उभी होती. मागं तव्यावर भाकरी जळाली. नवरा गुरुबसप्पा अंघोळ करून आला, त्यानं धूर पाहिला, बायकोचा चेहरा पाहिला, आणि उंदरांनी फार उच्छाद मांडलाय, पिंजरा आणायला हवा, असं कानडीत म्हणून तो कपाळाला विभूती लावायला वळला. त्यानंही आवाज ऐकला होता.

दाक्षायणी लेखिका होती. निदान दिवाळी अंकांवर तरी तसं छापून यायचं. तूरडाळीच्या व्यापाऱ्याची बायको, मॅट्रिकपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, घरात कानडी बोलणारी आणि मराठीत कथा लिहिणारी. तिच्या कथांतल्या बायका सुरुवातीला फार सोसायच्या आणि शेवटी खिडकीतून बाहेर बघायच्या. वाचकांना ते आवडायचं. तिलाही आवडायचं, दुष्काळ पडेपर्यंत.

बहात्तरच्या दुष्काळात मंडळाच्या बायकांबरोबर ती सरकारी कामावर सुकडीचा पौष्टिक आहार वाटायला गेली. तिथं उन्हाचा तडाखा असा, की खडीसुद्धा हातात धरवत नव्हती. त्या खडीच्या ढिगावर बसून एक काळीसावळी, रुंद हाडाची बाई हातोडीच्या तालावर ओव्या म्हणत होती. गिरणी तेव्हा महिनोन्‌महिने अर्ध्या पाळ्यांवर चाललेली, त्यामुळं कांडी खात्यातली ही मल्लव्वा खडी फोडायला आलेली. नवरा टाकून गेलेला, मूलबाळ नाही, छातीत कापसाच्या धुळीनं धरलेला खोकला. खोकला यायचा, ओवी तुटायची, आणि खोकला संपला की जिथं तुटली तिथूनच ती पुन्हा सुरू व्हायची. दाक्षायणी सुकडीचं पातेलं खाली ठेवून ऐकतच राहिली.

पुढं महागाईविरुद्ध बायकांचे मोर्चे निघाले, लाटणी आणि ताटं घेऊन. दाक्षायणीनं त्या मोर्च्यांसाठी गाणी लिहिली. स्वतः तिनं कधी तोंड उघडलं नाही. चारचौघांत गायचं म्हटलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती घरात बसून लिहायची, मल्लव्वाला एकदा वाचून दाखवायची, आणि मल्लव्वा ते पाठ करून बाळीवेशीपासून चार पुतळ्यांपर्यंत खणखणीत आवाजात म्हणत जायची. मल्लव्वाला अक्षर येत नव्हतं. अंगठ्याची शाई पुसायला पदर वापरते म्हणून दाक्षायणी तिला चिडवायची, आणि "तुला कुटं गळा हाय?" म्हणून मल्लव्वा ते तिच्यावरच उलटवायची.

गाण्याखाली नाव घालायची सोय नव्हती. व्यापाऱ्याच्या घरची सून, तिचं नाव पत्रकावर आलं तर गुरुबसप्पाच्या दुकानावर जकातीपासून वजनमापापर्यंत सगळी खाती चालून आली असती. पण शेवट तर करायला हवा. दाक्षायणीच्या कानात मठात ऐकलेली वचनं होती. कानडी वचनाच्या शेवटी देवाचं नाव येतं. बोलणारा आपलं सगळं बोलून घेतो आणि शेवटी ज्याला सांगतोय त्याला हाक मारतो. त्या नावाला अंकित म्हणतात. दाक्षायणीनंही तसं एका देवाचं नाव घालून पाहिलं. मल्लव्वानं ते ऐकून नाक मुरडलं.

"देवाला कशाला सांगतीस, अक्का? देव दुष्काळात कुटं हुता? मला सांग की. मी ऐकते."

तेव्हापासून प्रत्येक गाण्याच्या शेवटी "ऐक गं मल्लव्वा" आलं. मोर्च्यात त्या ओळीला हशा पिकायचा, कारण मल्लव्वा स्वतःच स्वतःला हाक मारतेय असं व्हायचं. ती ते छातीवर हात ठेवून ऐटीत म्हणायची.

मग पंचाहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. सभा बंद, मोर्चे बंद, वर्तमानपत्रं कोरी. युनियनचे पुढारी एक तर आत गेले किंवा नातेवाइकांकडं पाहुणचाराला. गिरणीच्या फाटकावर हत्यारबंद पोलीस उभे राहिले. दाक्षायणीनं महिनाभर कळ काढली आणि एक गाणं लिहिलं. कुणीतरी ते चक्रमुद्रित करून फाटकावर चिकटवलं. मल्लव्वानं ते तलावाकाठी धुणं धुताना म्हटलं, तिच्याकडून ते विडीवाल्या तेलुगू बायकांनी उचललं, आणि आठवड्याभरात ते अशा घरांतून ऐकू यायला लागलं जिथं मराठी धड कुणाला येत नव्हतं.

भोंग्यानं हाक दिली, उठलं सारं गाव
भोंग्याला ठावं न्हाई एकीचंबी नाव
तोंड बांधलं आमचं, कान कोण बांधंल?
ऐक गं मल्लव्वा, गाणं दारी येऊन थांबंल

फौजदार नवीन आलेला होता, पुण्याकडचा. त्यानं गाणं वाचलं, शेवटची ओळ वाचली आणि हुकूम सोडला, की मल्लव्वा नावाच्या बाईला हजर करा. आता सोलापुरात मल्लव्वा काय एक आहे? हवालदार बिचारे गल्लोगल्ली फिरले आणि दिवस मावळायच्या आत ठाण्याच्या ओट्यावर मल्लव्वांची रांग लागली. कुणी भाजीवाली, कुणी सुईण, एक तर ठार बहिरी म्हातारी, जिला आपल्याला धरलंय हेच कळेना आणि ती प्रत्येकाला रेशन कधी मिळणार म्हणून विचारत होती. हे फाटकावर कळलं तेव्हा कांडी खात्यातली मल्लव्वा पाळी सोडून ठाण्यात गेली आणि त्यांना सोडा म्हणाली. गाणं माझं आहे म्हणाली.

हे सगळं संध्याकाळी झालं, आणि सकाळी दाक्षायणीच्या गजावर डबा वाजला.

त्याच दुपारी दाक्षायणी ठाण्यात गेली. गुरुबसप्पानं तिला अडवलं नाही. तो भित्रा होता, पण तिची लाज वाटणारा नव्हता. त्यानं दुकानाची फळी अर्धी ओढून घेतली आणि ती परत येईपर्यंत गिऱ्हाईक न घेता गादीवर बसून राहिला.

फौजदारानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. तिच्या कथा त्याच्या बायकोनं वाचल्या होत्या. दाक्षायणीनं सांगून टाकलं, की गाणी माझी आहेत, मल्लव्वाला लिहिता येत नाही, तिला सोडा आणि मला धरा. तो न रागावता हसला.

"बाई, मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. अभंगाच्या शेवटच्या ओळीत कवीचं नाव असतं. चौथीतलं पोरही सांगेल."

दाक्षायणीनं त्याला वचनाची रीत समजावली. आमच्याकडं शेवटच्या ओळीतलं नाव सांगणाऱ्याचं नसतं, ऐकणाऱ्याचं असतं, म्हणाली. सांगणारा लपून राहतो. फौजदाराला ते खरोखरच आवडलं. अगदी नवीन माहिती मिळाली, आपण कधीतरी यावर निवांत बोलू, म्हणाला. मग त्यानं टेबलावरचे कागद सारखे केले आणि पंचनामा मात्र मराठीत झालेला आहे, असं सांगितलं. शिवाय तुमचं म्हणणं खरं धरलं तरी ती सुटणार नाही, कारण गाणारी तीच आहे. आत एकीऐवजी दोघी बसतील, एवढाच फरक पडेल. तरी तुमच्या समाधानासाठी तिलाच विचारू, म्हणून त्यानं मल्लव्वाला कोठडीतून गजांपाशी बोलावलं. कोठडी त्याच खोलीला लागून होती.

मल्लव्वाचा ओठ सुजला होता. तिनं दाक्षायणीकडं बघितलं, रस्त्यावरच्या परक्या बाईकडं बघावं तसं.

"ह्या कोन? मी वळखत न्हाय. गाणं माजं हाय."

लिहिता येतं का, फौजदारानं विचारलं. येतं की, ती म्हणाली. त्यानं कागद आणि पेन्सिल गजांतून आत धरली. मग लिही.

"न्हाय लिवनार. तुमच्या कागदावर न्हाय लिवनार."

फौजदारानं दाक्षायणीकडं पाहून भुवया उडवल्या. कवीचा ताठा त्याला ओळखता येत होता, कॉलेजात त्यानं स्वतःही कविता केल्या होत्या. तो वळून पेन्सिल जाग्यावर ठेवत असताना मल्लव्वानं बोटांच्या पेरांनी कोठडीच्या गजावर हलकेच वाजवलं. टण् टण्, आणि जरा थांबून आणखी एकदा टण्. तोंडानं हाक नाही. ती तिथं दिसत होती, हाडामासाची, हातभर अंतरावर. दाक्षायणीनं तिला नुसतं "ओ" म्हणायचं होतं. एक अक्षर.

दाक्षायणीनं कप उचलला आणि उरलेला चहा प्याला.

बाहेर आली तेव्हा तिला इतकं हलकं वाटत होतं की पाय जमिनीला लागत नव्हते. आपण गेलो, सांगितलं, तिनंच नाकारलं, आता आपल्या हातात काही नाही. घरी येऊन ती जेवायला बसली आणि कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर चवीनं खाल्ली. वर दही मागितलं. गुरुबसप्पा पाहत होता. त्या भुकेबद्दल दाक्षायणीनं स्वतःला कधीही क्षमा केली नाही.

मल्लव्वाला मिसा कायद्याखाली, खटल्याविना, लांबच्या तुरुंगात पाठवलं. इकडं डबा वाजत राहिला. रोज नाही. रोज वाजला असता तर सवय झाली असती. चार-आठ दिवस शांत जायचे, दाक्षायणीला वाटायचं की गेलं एकदाचं, आणि एखाद्या सकाळी भोंग्याच्या शेपटाला धरून टण् टण्. ती खिडकीजवळ उभी राहून गजांकडंच बघत बसली तर वाजायचा नाही. पाठ वळली की वाजायचा. एकदा तिनं गजांना जुनी सुती ओढणी गुंडाळून ठेवली. गुरुबसप्पानं विचारलं तेव्हा लोखंड तापतं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओढणी सुटून बोळात पडली होती. वारं होतं, असं शेजारच्या बाई म्हणाल्या. असेलही.

गुरुबसप्पानं मठातल्या एका जंगमाला बोलावून घरात विभूतीचं पाणी शिंपडून घेतलं. एरवी दाक्षायणीनं तो विषय निघताच नवऱ्याची खिल्ली उडवली असती. या वेळी ती हात जोडून पाटावर बसली.

पण लिहिताना जे व्हायचं त्याला पाणी शिंपडून उपाय नव्हता. दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, की सध्याच्या वातावरणात कौटुंबिक कथा हवी. तिनं सासू-सुनेची एक कथा लिहायला घेतली. शेवटाला आली, सुनेला खिडकीशी उभं केलं, आणि हातानं आपोआप लिहिलं, ऐक गं मल्लव्वा. तिनं खोडलं, पुन्हा शेवट लिहिला, पुन्हा तेच. बहिणीला पोस्टकार्ड लिहिलं, मुलांना आशीर्वाद, आणि खाली पुन्हा तेच. बहिणीनं उलट विचारलं, की ही मल्लव्वा कोण, नवीन कामवाली ठेवलीस का? दाक्षायणीनं पेन कपाटात टाकलं. शहरात बोभाटा झाला, की दाक्षायणीबाईंनी आणीबाणीच्या निषेधार्थ लेखन थांबवलंय. लोक तिला वाटेत आदरानं नमस्कार करायला लागले. ते नमस्कार घेताना तिला घाम फुटायचा.

सर्वांत वाईट म्हणजे गाणं थांबलं नव्हतं. भोंग्याचं गाणं विडीवाल्या बायका कुजबुजत म्हणत होत्या, चादरीच्या मागांच्या खडखडाटात कुणी ते गुणगुणत होतं. आता त्याला मल्लव्वाचं गाणं असंच म्हणायचे. गाणं दारी येऊन थांबेल, असं दाक्षायणीनं यमक जुळावं म्हणून लिहिलं होतं. ते तंतोतंत तिच्याच दारी येऊन थांबलं होतं.

शहात्तर संपून संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा आली आणि गेली. निवडणुका जाहीर झाल्या, तुरुंगांची दारं किलकिली होऊ लागली, रोज कुणी ना कुणी सुटून आल्याची बातमी. आता मल्लव्वा येईल. आली की तिच्या पाया पडायचं आणि फाटकावर उभं राहून सगळ्यांना खरं सांगायचं, असं दाक्षायणीनं ठरवलं. त्याच सुमारास तिच्या लक्षात आलं की डबा वाजायचा थांबलाय. कधी थांबला ते नीट सांगता येईना. भोंगा व्हायचा, मिटायचा, आणि मागं नुसता बोळ उरायचा. त्या शांततेनं तिला जेवढं घाबरवलं तेवढं आवाजानं कधी घाबरवलं नव्हतं. ती भोंग्याच्या आधी उठून खिडकीला कान लावू लागली. एकदा तर तिनं स्वतःच उलथण्यानं गज वाजवून पाहिला. आवाज तो नव्हता.

मार्चात, निवडणुकीचा निकाल लागल्यावर, शांतम्मा आली. ही बार्शीकडच्या एका शाळेतली शिक्षिका, तीही मिसाखाली आत होती, मल्लव्वाच्याच बराकीत. वाळलेली, केस पांढरे झालेले. संध्याकाळी शहरात सुटून आलेल्यांचा सत्कार होता, त्यासाठी ती आली होती, पण एसटीतून उतरून आधी या बोळात आली. दारात चप्पल काढतानाच तिनं सांगून टाकलं. मल्लव्वा गेली, थंडीत. खोकला वाढत गेला, औषध वेळेवर मिळालं नाही. माती तिकडंच झाली. वचनं म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून बराकीतल्या बायकांनी तिचीच गाणी म्हटली.

दाक्षायणीनं विचारलं, की माझ्याबद्दल काही म्हणाली का? तिला उत्तराची इतकी भीती वाटत होती की तिनं ते भिंतीकडं बघून विचारलं.

शांतम्मा सांगू लागली. आत गेल्यावरही मल्लव्वाला पुन्हा पुन्हा बोलावून घ्यायचे, लिहून दाखव म्हणायचे. नाही लिहिणार, हे किती दिवस पुरणार? कधीतरी त्यांना कळणार, की हिला येतच नाही, आणि मग ते खऱ्या लिहिणारीला शोधत निघणार. म्हणून मल्लव्वा अक्षर शिकली. शांतम्माकडून, चुलीतल्या कोळशानं, बराकीच्या भिंतीवर. खोटं उघडं पडू नये म्हणून शिकली, आणि मग शिकता शिकता तिला स्वतःचीच गाणी सुचायला लागली.

"मी तिला विचारलं एकदा," शांतम्मा म्हणाली, "बाई, दुसरीचं गाणं तू अंगावर का घेतलंस? तर माझ्यावरच डाफरली. म्हणाली, दुसरीचं कसलं? तिनं गाण्यात हाक मला मारली हुती. मग ओ कुनी द्यायची?"

दाक्षायणी खाली बसली. मग तिनं मल्लव्वाची ती गाणी म्हणून दाखव म्हणून विनवलं. शांतम्मानं मान हलवली. कागद बाहेर आणता आला नाही, सगळं पाठ करून आणलंय, आणि चार भिंतींच्या आत म्हणायचं नाही असं मल्लव्वानं बजावलंय. संध्याकाळी सगळ्यांपुढं म्हणेन. तुम्ही या म्हणजे झालं.

सत्काराला सभागृह खचाखच भरलं होतं. पावणेदोन वर्षं तोंड दाबून ठेवलेलं शहर एकदम बोलायला लागलं होतं, आणि प्रत्येकाला आपण किती शूर होतो हे आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं. दाक्षायणी बायकांच्या बाजूला मागच्या रांगेत बसली. गुरुबसप्पा दुकान बंद करून आला होता आणि दाराजवळ उभा होता. भाषणं झाली, हार झाले. मग मल्लव्वाच्या आठवणीसाठी सगळे उभे राहिले, आणि विडीवाल्या बायकांनी भोंग्याचं गाणं म्हटलं. अध्यक्षस्थानी कॉलेजातले एक मराठीचे प्राध्यापक होते. ते गहिवरून म्हणाले, की एका निरक्षर कामगार स्त्रीनं अशी रचना करावी हा चमत्कारच आहे. आता उठायचं, दाक्षायणीनं स्वतःला बजावलं. पण पाय उठेनात. टाळ्यांत तिची वेळ निघून गेली.

मग शांतम्मा माइकपुढं आली. हे तुरुंगात जुळलेलं आहे, एवढंच ती म्हणाली आणि डोळे मिटून गाऊ लागली. तिचा आवाज साधाच होता, पण चाल मल्लव्वाची होती, खडीच्या ढिगावरची. खोकल्यासाठी जिथं मल्लव्वा थांबायची तिथं शांतम्मासुद्धा थांबत होती.

भिताडाला न्हाई दार, दाराला न्हाई कडी
कोळशानं रेघ वढली, वाकडी ती वाकडी
ओवी माजी वाट बघती जायाची तुज्या गावी
ऐक गं दाक्षायणी, आता तूच ती गावी

सभागृहात कुजबूज उठली. माना मागं वळल्या. प्राध्यापकांनी समोरच्या माणसाकडं वाकून काही विचारलं, त्यानं मागच्या रांगेकडं बोट दाखवलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. माइक ओढून घेत त्यांनी जाहीर केलं, की आजवर झाकून राहिलेली गोष्ट शेवटच्या ओळीनं उघड केली आहे. ही तुरुंगात पोहोचलेली गाणी आपल्या दाक्षायणीबाईंची आहेत. त्यांनी बाहेरून ती आत पाठवली आणि कैदी भगिनींना धीर दिला. बाईंनी कृपया व्यासपीठावर यावं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक बाई हार घेऊन मागं येऊ लागली.

म्हणजे दाक्षायणीचं ते मल्लव्वाचं झालं होतं, आणि आता मल्लव्वाचं ते दाक्षायणीचं होत होतं. फौजदारानं केलेली चूक अख्खं शहर आनंदानं टाळ्या वाजवून करत होतं. दाक्षायणी उठली. पाय कसे उठले ते तिला कळलं नाही. हार घेऊन येणाऱ्या बाईला तिनं हातानंच थोपवलं आणि जागेवरूनच बोलली. मोठ्या आवाजाची सवय नव्हती, म्हणून तो चिरका निघाला.

"हे गाणं माझं नाही, मल्लव्वाचं आहे. भोंग्याचं तेवढं माझं. शेवटच्या ओळीतलं नाव सांगणाऱ्याचं नसतं. ज्याला हाक मारली त्याचं असतं. ती माझ्यासाठी आत गेली आणि मी ठाण्यात चहा पिऊन घरी आले."

सभागृह गोंधळलं. काही जणांना कळलं, काही जणांना वाटलं की बाईंचं डोकं फिरलं. प्राध्यापक माइक हातात धरून तसेच उभे राहिले. दाराजवळ गुरुबसप्पा मान खाली घालून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.

दाक्षायणीनं शांतम्माकडं पाहिलं आणि शेवटची ओळ पुन्हा म्हणायला सांगितलं. शांतम्मा काही विचारत बसली नाही. तिनं पुन्हा डोळे मिटले.

"ऐक गं दाक्षायणी..."

पुढचे शब्द येण्याआधी, जिथं मल्लव्वा श्वासासाठी थांबली असती तिथं, शांतम्मा थांबली. पहिलीच हाक होती, आणि हाक मारणारी कुठंही दिसत नव्हती.

"ओ," दाक्षायणी म्हणाली.

आणि मग, सगळ्या शहरासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या बेसूर आवाजात ती पुढची ओळ गाऊ लागली.